मर्व टॅप्सेलची खिडकी

राजधानीतल्या आमच्या कॅम्बा उपनगरात दर दुसऱ्या घरात सरकारी नोकर सापडेल, पण विमानं विकत घेणारा एकटा मर्व टॅप्सेल. स्वतःच्या पैशाने नव्हे हो. समुद्रावर गस्त घालणारी लष्कराची विमानं म्हातारी झाली होती. त्यांच्या जागी कुठली घ्यायची हे ठरवणाऱ्या नऊ जणांत तो होता. सात वर्षं ठरवत होता. तेवढ्या काळात या माणसाला घरासाठी नवा टोस्टर ठरवता आला नाही, असं मी त्याच्या बायकोला, नोरीनला, तोंडावर सांगायची. ती म्हणायची, "ग्लेनिस, जुना चालतोय गं अजून."

कामाबद्दल बाहेर एक अक्षर काढायची बंदी. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढता ओढता मी विचारायची, "काय रे मर्व, दोन इंजिनांचं की चार?"

"आज गारठा जास्त आहे," मर्व म्हणायचा आणि गाडी सुरू करायचा.

विकणाऱ्यांकडून साधं पेनही घ्यायचं नाही, हा दुसरा नियम. एकदा एका कंपनीवाल्याने सगळ्यांपुढे फ्रिजवर लावायची चुंबकं ठेवली. बाकीच्यांनी ती टेबलावरच सोडली, मर्वने आपलं पाकिटात घालून, वर पत्र लिहून, टपालाने परत पाठवलं. मी लॅमिंग्टन केकची बशी घेऊन गेले तेव्हा दारातच मला अडवलं.

"तुझं कुणी विमानांच्या कंपनीत नाही ना?"

"माझा दीर तुंबलेली गटारं मोकळी करतो, मर्व."

"मग ये आत."

हसला नाही. मर्व हसत नाही, रागावत नाही, उसासेही टाकत नाही. नोरीन म्हणते, लग्नाच्या फोटोतही तो असाच आहे, पासपोर्टसाठी उभा असल्यासारखा.

टेबलाशी बसायच्या आधी तो एकोणीस वर्षं त्याच जुन्या विमानांतून फिरला. त्याचं काम खिडकीशी. त्या विमानांना मागे दोन बाजूंना बाहेर फुगलेल्या मोठ्या खिडक्या असत, काचेचं पातेलं आडवं लावावं तशा. डोकं आत घातलं की थेट खालचं पाणी दिसायचं. कुणाची होडी बुडाली की विमान खाली उतरायचं आणि दोन माणसं दोन्हीकडून पाण्याकडे बघत बसायची. अर्ध्या तासाने माणूस बदलायचा. त्यापुढे डोळे नुसते उघडे असतात.

नव्या विमानात काय काय हवं, त्याची चारशे ओळींची यादी होती. त्यात एक ओळ मर्वची: माणसाला डोळ्यांनी खाली बघता येईल अशी मोठी खिडकी. पुढे शेरा, 'अत्यावश्यक'. यादीत दोनच शेरे असतात, 'अत्यावश्यक' आणि 'असल्यास उत्तम'. पहिल्यातलं एक जरी नसलं तरी विमान बाद.

ऑक्टोबरात दोन विमानं उरली. एकाला खिडकी होती, पण दक्षिणेकडे लांबवर जाऊन परत यायची त्याची ताकद नव्हती. दुसरं लांब जायचं, कॅमेरे, रडार, सगळं पहिल्याहून सरस. खिडक्या मात्र प्रवासी विमानाच्या असतात तेवढ्याच. मर्वच्या ओळीपायी हे चांगलं विमान बाद होत होतं. मग सगळी निवड पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी तीन वर्षं. जुनी विमानं तर दोनच वर्षांत जमिनीवर उभी राहणार होती. मधलं वर्षभर समुद्रावर कोण जाणार?

समितीच्या अध्यक्ष रोझलिन क्वेल. बाई सरळ आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मर्व, रडारला दिसलं नाही आणि डोळ्यांना दिसलं, असं तुमच्या काळात किती वेळा झालं?"

हे तपासायला कुणाला येणार नव्हतं. जुन्या वह्यांत नुसतं 'सापडला' असतं, आधी कुणाला दिसला ते नसतं. पाच-सहा म्हणाला असता तर ती ओळ कदाचित वाचली असती.

"एकदा," मर्व म्हणाला.

"एकदाच?"

"एकोणीस वर्षांत एकदा. बर्फाच्या पेटीच्या झाकणावर पडलेला माणूस. झाकण पांढरं, लाटांचा फेसही पांढरा. जिवंत होता."

इथे थांबायचं की नाही? पण कुणी न विचारता हा पुढे बोलला. "आणि एकदा उलटं झालं. शोधाचा तिसरा दिवस होता. माझा अर्धा तास संपला, पण बदलीचा माणूस ओकत होता, म्हणून मी आणखी दहा मिनिटं बसलो. नंतर हिशेब लावला, तेव्हा कळलं की त्या दहा मिनिटांत होडी आमच्या खालीच होती. माझ्या बाजूला. त्यात दोघे भाऊ होते."

कुणीतरी कागद उलटला. रोझलिनबाईंनी विचारलं, "हे नोंदवायचं का?"

"नोंदवा."

ओळीचा शेरा बदलला, 'असल्यास उत्तम'. ज्याची ओळ त्याचीच सही लागते. मर्वने सही केली.

त्या संध्याकाळी तो पाचला घरी आला. मेंढीचे चॉप्स आणि वाटाणे खाल्ले, बातम्या बघितल्या. नोरीनने विचारलं, दिवस कसा गेला. म्हणाला, "गेला." पोटभर जेवला, हेच तिला नंतर आठवून खटकलं. हे सगळं तिला कळलं ते पुढे करार जाहीर झाल्यावर, आणि तिला कळलं म्हणजे मला कळलंच.

मला कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याला कुंपणाशी गाठला. तो नळीने लिंबाला पाणी घालत होता.

"अरे शहाण्या, सहा सांगायचंस ना! कोण बघायला येणार होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"सहा नव्हते."

"बरं, नव्हते. पण ते भावांचं कशाला काढलंस? कुणी विचारलं होतं?"

"डोळ्यांबद्दल विचारलं होतं. ते डोळ्यांबद्दलच होतं."

पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं होतं. त्याचं लक्ष नव्हतं. मीच वाकून नळ बंद केला.

"विमान चांगलं आहे," तो म्हणाला. "लांब जातं."

"आणि खाली पाण्यात कुणी असला तर? दिसेल?"

"कॅमेऱ्याला दिसेल म्हणतात."

"ते म्हणतात रे. तुला काय वाटतं?"

"मला विचारून झालं, ग्लेनिस," मर्व म्हणाला आणि रिकामी नळी तशीच लिंबाकडे धरून उभा राहिला.