तिघींचा कोट

माझ्या मावसबहिणीची धाकटी लेक शहरात एका मोठ्या कापडदुकानात कामाला आहे. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, गालिचे आणि अत्तराचा वास. मागच्या खोलीत शिलाईचं मशीन, त्यावर वाकलेला दिवा आणि ही. कुणाला विकत घेतलेला कपडा सैल झाला, कुणाला तंग झाला, की तो हिच्यापुढे येऊन पडतो. तोंडात टाचण्या धरून बोलायची खोड, म्हणून तिला टाचणीच म्हणतात. चणही तशीच. टोकही तसंच.

माणूस समोर आला की हिची नजर त्याच्या अंगावरून फितीसारखी फिरते. त्यामुळे जोडीदार शोधायला निघाली तेव्हा पंचाईत झाली. पहिला भेटला तो छाती काढून आपलेच पराक्रम सांगत बसला. घरी येऊन म्हणाली, "फुगवलेली चाळीस, खरी अडतीस. बोलणंही तेवढंच फुगवलेलं." दुसरा जरा बरा वाटला, तर त्याने दुसऱ्याच भेटीत पिशवीतून दोन पँटी काढल्या. "जरा आखूड करून द्याल का?" दिल्या बापड्याला करून. त्यातल्या एकीचा डावा पाय बोटभर जास्तच आखूड. "चालताना आठवण काढील माझी," म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत ती आणखी दोघींबरोबर राहते. एक इस्पितळात नर्स, ताडमाड उंच, ती शिडी. दुसरी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करते. अंगाने गुबगुबीत, आवाजाने त्याहून मऊ, ती उशी. तिघी बिनलग्नाच्या, तिघी शोधात, आणि तिघींत मिळून चांगला कोट एकच.

तो गर्द हिरव्या लोकरीचा कोट कुणीतरी दुकानात दुरुस्तीला टाकला आणि न्यायला फिरकलंच नाही. वाट बघून मालकाने तो टाचणीला देऊन टाकला. मूळ बाई उंचही असावी आणि भरलेलीही. शिडीला त्याची लांबी पुरायची, पण आत दुसरी शिडी मावली असती. उशीला घेर बरोबर, पण बाह्यांत हात हरवायचे. टाचणीला तर तो कोट नव्हे, तंबू. मग हिने डोकं चालवलं. जिची भेट असेल तिच्या मापाने आतून कच्चे टाके घालायचे, ती परत आली की ओढून काढायचे. बाहेरून बघणाऱ्याने शपथेवर सांगावं, की कोट हिच्यासाठीच शिवलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोलीचा कायदाही ठरला: कोट तिघींचा, माणूस एकीचा, आणि कोटाची गोष्ट माणसापाशी काढायची नाही.

अशात टाचणीला चष्मेवाला भेटला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा, सावकाश बोलणारा, ऐकताना मान हलवणारा. पहिल्याच भेटीत म्हणाला, "कोट अगदी मापाचा आहे हो तुमचा." ही आनंदाने घरी आली आणि मग तिला घोर लागला. हा कोटावर भाळला की आपल्यावर? कोटाखाली दुकानातला रोजचा झगा, त्याला चिकटलेले दोरे, सुईने टोचून खरखरीत झालेली बोटं. हा माणूस तिला हवा होता. एवढा हवासा कुणी वाटला नव्हता. म्हणून दुसऱ्या भेटीतही कोट अंगातून काढला नाही; घामाने निथळली, पण बटण सोडलं नाही.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी कोट आधी उशीकडे होता. ती संध्याकाळी परतली, तेव्हा टाचणीला निघायची घाई. दुसऱ्यांसाठी ही मुंगीच्या पावलाएवढे टाके घालणार. स्वतःसाठी घातले चार, ढांगेएवढे.

"अगं, निदान गाठ तरी मार नीट," शिडी म्हणाली.

"माझ्या अंगावर कोण ओढाताण करतंय?" म्हणत ही जिना उतरली.

हॉटेलात चष्मेवाला आज चमच्याशीच खेळत बसला होता. सूप आलं, पाव आला, तरी मान खाली. शेवटी म्हणाला, "एक विचारू? परवा बसथांब्यावर मी तुम्हाला हाक मारली. दोनदा. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

"परवा? परवा तर मी दुकानात..." म्हणत हिने हात उडवला आणि तिथेच दोरा सुटला. उजवी बाही सरसरत खाली आली ती थेट सुपात. ती ओढायला गेली तर डावी गेली. मग पाठीचा टाका सुटला, आणि बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी ती खुर्चीत बसून राहिली. नुसतं डोकं वर.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

इथे दुसरी एखादी तोंड धुवायचं निमित्त करून पळाली असती. मी तरी पळाले असते. ही उठली, कोट काढून मांडीवर घेतला, आणि झग्याला चिकटलेल्या दोऱ्यांसकट समोर बसली.

"कोट माझा नाही," म्हणाली. "म्हणजे तिसरा हिस्सा आहे. परवा त्यात माझी मैत्रीण होती. ती माझ्याहून दीड वीत उंच आहे."

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही रागावलात. आणि उंचीचं काही जुळेना, म्हणून दुकानात जाऊन स्वतःचे डोळे तपासले. तीनदा."

"काय निघालं?"

"डोळे ठीक आहेत. कोट ओळखत होतो मी, तुम्हाला नाही." मग हिच्याकडे नीट बघून म्हणाला, "खांद्यावर दोरा आहे. निळा."

"असू दे. रोज असतो."

तिने ओली बाही पुसली, गळपट्टीच्या आत खोचलेली सुई काढली आणि म्हणाली, "उद्या उंच मैत्रिणीची भेट आहे. हे टोक धरा. ओढू नका, सोडूही नका." त्याने धरलं. सूप गार होईतो धरून बसला, आणि त्याने कापड एकदाही ताणलं नाही. वाढपी दोनदा येऊन बघून गेला.

बाहेर थंडी मी म्हणत होती. हिरवा कोट शिडीच्या मापाचा होऊन हिच्या हातावर पडलेला. त्याने स्वतःचा काढून पुढे केला.

हिने नजर फिरवली. "खांद्यात बोटभर मोठा घेतलात. पण आणा."

दोघी दाराशीच टपून बसल्या होत्या. ही आली ती अंगात पुरुषाचा कोट, हातावर हिरवा.

"हे काय गं, फाटलं की जुळलं?" शिडीने विचारलं.

टाचणीने हिरवा कोट तिच्या खांद्यावर टाकला. "तुझ्या मापाचा करून आणलाय. आणि आजपासून हा दोघींचा."

"सांगितलंस त्याला? कायदा मोडलास, बये?"

"मोडला."

उशीने घसा साफ केला आणि कामावरच्या आवाजात म्हणाली, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आणखी काही मदत करू शकते का?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. चष्मेवाल्याचा कोट मांडीवर उलटा घेऊन ती त्याचा खांदा उसवत होती. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.