वसंताची वर्षं

सिस्टरनी पैसा कधी रुपयांत मोजला नाही. त्या तो वसंताच्या वर्षांत मोजत. बँकेतली ठेव म्हणजे वसंताची सहा वर्षं. आडतीवर ठेवलेली हळद म्हणजे दोन पावसाळे. कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या म्हणजे वसंताचं एखादं मोठं दुखणं. मी नांदेडकडच्या गोरेगावच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला नवीन लागलो होतो. हा हिशेब पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते. पुढे वसंताला पाहिलं आणि मग त्या हिशेबाचं हसू आलं नाही.

वसंता त्यांचा धाकटा भाऊ. वय चाळिशीकडे झुकलेलं, समज पाच वर्षांच्या लेकराची. दाढीचे खुंट पांढरे व्हायला लागले होते आणि चप्पल मात्र अजून उलटसुलट पायात जायची. बहीण नर्स असल्यामुळे सगळं जग सुई टोचायला येतं अशी त्याची समजूत होती, म्हणून दारात कुणीही आलं की आधी दोन्ही हात मागे लपवायचा. सिस्टर तरुण असताना पाहायला आलेल्या मंडळींनी भावाचं काय करणार असं विचारलं होतं म्हणे. त्यांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं आणि पुन्हा त्या भानगडीत पडल्या नाहीत. घरात दोघंच. बहीण अकरा वर्षांनी मोठी, आणि भाऊ शरीराने घोड्यासारखा धडधाकट. माझ्यामागं ह्याचं कसं, हा एकच प्रश्न त्यांच्या आयुष्यात होता, आणि तो बुद्धविहारात रविवारच्या वंदनेला बसल्यावरसुद्धा त्यांच्या कपाळावर दिसायचा.

ह्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर काढलं होतं, ते त्यांच्या साखरा गावच्या तीन एकरांत शिकायला मिळालं होतं. रान बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं, पण काय पेरायचं ते सिस्टर ठरवत. नुसतं सोयाबीन त्यांनी एकदाही पेरू दिलं नाही, मध्ये तुरीच्या ओळी पाहिजेतच. "एकाच पिकाच्या भरवशावर राह्यलं त आभाळ जसं म्हणंल तसं नाचावं लागते," असं त्या म्हणत. पैशालाही त्यांनी तोच कायदा लावला. थोडा बँकेत, थोडा पोस्टात, थोडा सोन्यात, थोडा हळदीत, आणि सगळ्यात लांबचा म्हणून थोडा म्युच्युअल फंडात. फंड म्हणजे वसंताची म्हातारपणाची वर्षं. त्या स्वतः नसतील तेव्हाची. त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी वैतागायचो.

फंडात हप्ता जायचा तो लसीकरणाच्या दिवशी. महिन्यातून एकदा ओसरीवर बायका लेकरं घेऊन बसायच्या, सिस्टर एकेकाच्या मांडीला सुई लावायच्या, आणि शेवटचं लेकरू रडून संपलं की हात धुऊन माझ्या खोलीत यायच्या. "घे, आपला डोस दे, अन् ताप सांग," म्हणायच्या. डोस म्हणजे हप्ता आणि ताप म्हणजे शेअरबाजार. मी त्यांच्या मोबाईलवर ॲप उघडून आकडा सांगायचो. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि मोबाईलवर भरवसाही नव्हता. आकडा वर असो की खाली, त्या फक्त मान हलवायच्या. पुढचा आकडा पुढच्या लसीकरणाला. मधे मी काही सांगायला गेलो तर ऐकायच्या नाहीत. ताप दर तासाला पाहिला की पेशंट बरा असतो आणि नातेवाईक आजारी पडतात, हे त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीतलं मत होतं.

एका वर्षी हळदीला असा भाव आला की लोकांनी पोती दाबून धरली. रहीमचाचांच्या आडतीवर सिस्टरांची हळद होती. चाचा सचोटीचे माणूस, पिढ्यान् पिढ्यांचा धंदा, आणि सिस्टरना सख्ख्या बहिणीसारखं मानायचे. ते स्वतः दवाखान्यात येऊन सांगून गेले, की आत्ता विकायला काढू नका, अजून चढणार आहे. सिस्टरनी बरोब्बर अर्धी विकली आणि पैसे मागे पडलेल्या फंडात टाकले. तुरीचा शेंडा खुडतात तसं हे, खुडला तर बाजूने फुटते, असं त्यांनी चाचांना समजावलं. भाव अजून चढला. चाचा हळहळले, मीही माझ्या परीने हळहळून घेतलं. पुढच्या हंगामात भाव आपटला तेव्हा मात्र सिस्टरनी एका शब्दाने कुणाला चिडवलं नाही. अशी बाई समोर असताना मी काही शिकायला हवं होतं. पण मी त्या दिवसांत मोबाईलवर बाजाराची भाषणं ऐकत होतो, आणि मला वाटायला लागलं होतं की सिस्टरपेक्षा मला चार गोष्टी जास्त कळतात.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. एक डोळा आधीच अधू, आणि ह्या दुसऱ्यात गुंतागुंत झालेली. नांदेडला भाचीकडे, त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या मुलीकडे, महिनाभर राहावं लागणार होतं, वसंतालाही सोबत नेलं. जाताना मोबाईल माझ्या हातात दिला. "डोस बराबर दे. बाकी कायबी करू नको. ताप आला तरी येऊ दे," एवढं सांगून त्या जीपमध्ये बसल्या.

आणि नेमका त्याच महिन्यात बाजार कोसळला. कुठे तरी युद्धाची बातमी होती, टीव्हीवर लाल आकडे धावत होते. मी लसीकरणाच्या दिवसाची वाट पाहिली नाही. सकाळी पाहायचो, दुपारी पाहायचो, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मधेच पाहायचो. प्रत्येक वेळी वसंताचं एखादं वर्ष गळून पडल्यासारखं वाटायचं. त्याचे ते मागे लपवलेले हात डोळ्यांसमोर यायचे. आठव्या दिवशी मी फंड विकून टाकला. सगळा. मोबाईल माझ्याकडे, त्यावर येणारा ओटीपीचा आकडाही माझ्याकडे. दोन मिनिटांचं काम. पैसे त्यांच्या बँक खात्यात जाऊन पडले. त्या पैशातला एक रुपया मला नको होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्याने फरक काही पडत नाही.

पुढचे चार दिवस बाजार अजून पडला आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आणखी खाली गेला की परत घेऊ, सिस्टर आल्या की सांगू, असा बेत होता. तो खाली गेलाच नाही. चढायला लागला आणि चढतच राहिला. मी रोज म्हणायचो, उद्या पडेल. सिस्टर काळा चष्मा लावून परत आल्या, लसीकरण झालं, हात धुऊन खोलीत आल्या आणि ताप विचारला. मी सांगितलं, ताप उतरून राहिला, ठीक आहे.

आमच्या दवाखान्यात एक रीत आहे. रिपोर्ट वाईट आला तर नातेवाइकाला बाहेर बोलावून सांगायचं, आणि पेशंटला म्हणायचं, थोडा अशक्तपणा आहे, बाकी ठीक. आठ वर्षं मी हेच करत आलो होतो. खोटं बोलतोय असं कधी वाटलंही नाही, उलट दया केल्यासारखं वाटायचं. सिस्टरना मी तीच दया दाखवली. इथे पेशंट आणि नातेवाईक एकच बाई आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ठीक, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा ठीक.

तिसऱ्या महिन्यात त्या बँकेतून पासबुक छापून आल्या. दुपारची वेळ, पेशंट संपले होते. माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसल्या आणि पासबुक टेबलावर उघडं ठेवलं.

"हे पैशे कुठले?"

मी सगळं सांगितलं, विकलं नसतं तर आज किती असतं तेही. त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे वसंताची तीन वर्षं इकली तू."

मी म्हणालो, भेव वाटलं सिस्टर.

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमच्या डोळ्याला पट्टी व्हती. तुमाला तकलीफ नको म्हून."

"ताप मला व्हता अन् गोळी तू खाल्ली," त्या म्हणाल्या. "इकलं ते इकलं. पण तीन महिने मी विचारून राहिले अन् तू ठीक हाय, ठीक हाय म्हणून राहिला. आता तुला ताप विचारून काय फायदा?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओरडण्याचं काम माझ्यावरच सोडलं, आणि ते मी अजून करतो आहे.

तीन वर्षांची भरपाई माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने करतो, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणालो. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. तुझ्या लेकराच्या ताटातलं वसंताच्या ताटात नको, म्हणाल्या. विकलेले पैसे त्यांनी पुन्हा फंडात घातले, पण एकदम नाही, वर्षभर दर लसीकरणाला थोडे थोडे. बाजार चढलेलाच होता, गेलेलं परत आलं नाही. माझ्या खोलीत येणं त्यांनी सोडलं नाही, एवढीच काय ती माया. फक्त आता आकडा मी वाचला की त्या मोबाईल हातात घेऊन भिंगातून स्वतः एकदा पाहत. ते भिंग पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांतच त्यांच्या पोटात दुखायला लागलं. रिपोर्ट आला तेव्हा मी तो आधी वाचला आणि तसाच्या तसा त्यांच्या हातात दिला. बाहेर बोलवायला तसंही कुणी नव्हतं. त्यांनी भिंगातून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि त्या आठवड्यातच भाचीला नांदेडहून बोलावून घेतलं. रहीमचाचांना बोलावलं. मला बोलावलं. वसंता बाजूला खाटेवर बसून पापड मोडत होता; सिस्टर आजारी पडल्यापासून त्याची दाढी मीच करत होतो.

"पैसा पाच जागी ठेवला अन् माणूस एकच ठेवला," सिस्टर म्हणाल्या. "ते माझं चुकलं."

माझी चूक त्यांनी अशी सगळ्यांदेखत आपल्या अंगावर घेतली. मी खाली मान घालून बसलो. मग त्यांनी वाटणी सांगितली. बँक, पोस्ट आणि फंड भाचीकडे, आणि वर्षातून दोनदा तिने सगळे कागद चाचांना दाखवायचे. हळद आणि सोनं चाचांकडे, आणि विकायच्या आधी त्यांनी भाचीला विचारायचं. वसंता ह्याच घरात राहील, शेजारच्या कमलबाई त्याला रांधून घालतील, पोस्टाचं व्याज त्यांना द्यायचं. सगळं संपलं तरी माझं नाव आलं नव्हतं. मी उठायला लागलो.

"तू बस," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं वसंता. दर रविवारी त्याची दाढी कर, नखं काढ. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देणार न्हाई. पैशाला तू भेतो. वसंताला न्हाई भेत."

ही शिक्षा होती की विश्वास, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्या दिवशी घरी येताना मात्र मला रडू आवरलं नाही.

सिस्टर जाऊन आता दोन वर्षं होतील. बाजार पुन्हा खालीवर चालला आहे, हळदीचंही खरं नाही. भाची आणि चाचा फोनवर भांडतात, मग एकमेकांचं ऐकतात, आणि काही विकत नाहीत. भाचीने मागे एकदा सगळा हिशेब मांडला. वसंता खूप जगला तर शेवटी काही वर्षं कमी पडतात. किती, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला आकडा माहीत आहे.

रविवारी मी जातो. वसंता मला पाहिल्यावर हात लपवत नाही. दाढी झाली की बाजेवर बसून पाय पुढे करतो, मी नखं काढायला घेतो, आणि मग तो विचारतो, "ताई कवा येईल?" कमलबाई म्हणतात, नांदेडला गेली म्हणून सांगा, लेकरू हाय ते, त्याला काय समजतंय. भाचीही तेच म्हणते. सगळं गाव त्याला नांदेडच सांगतं.

मी नेलकटर खाली ठेवतो आणि त्याच्याकडे बघून सांगतो, "वसंता, ताई गेली. आता येणार न्हाई." दर रविवारी त्याला ते पहिल्यांदाच कळतं. त्याचा ओठ थरथरतो, डोळ्यांतून पाणी गालावर येतं, मी पुसतो. थोड्या वेळाने तो नाक ओढतो आणि दुसरा पाय पुढे करतो.