आयलीच्या अंगात साचलेलं औषध

आई गेल्यावर आयली कोस्केला खचली. थंडर बे गावच्या इस्पितळातल्या धुलाईखान्यात तिचं निम्मं आयुष्य चादरींच्या घड्या घालण्यात गेलेलं. आता चादर हातात घेतली की ती नुसतीच उभी राहायची. डॉ. मॅकइसाकबाईंनी उदासीवरची गोळी दिली, हळूहळू वाढवत नेली.

उदासी काही हलली नाही. वर तोंडाला कोरड, उठताना भोवळ, डोळ्यांवर सतत झापड. इस्त्रीच्या यंत्रापाशीच ती पेंगायला लागली. नवरा ऊर्हो म्हणाला, "अर्धं गाव ह्या गोळ्या खातं, कामाला जातं. तूच कशी आडवी होतेस गं?"

आयली कूस बदलून पडून राहिली. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

एका शनिवारी साउनामधून, घरच्या वाफेच्या खोलीतून, बाहेर येताना ती दारातच कोसळली. आता मात्र ऊर्हो घाबरला. तसाच तिला गाडीत घालून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी रक्त तपासून घेतलं. औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त साचलं होतं.

"चुकून जास्त गोळ्या घेतल्यात का?"

"नाही हो. तुम्ही सांगितल्या तेवढ्याच."

"मग पूर्वी कधी एखादं औषध लागूच पडलं नाही, असं झालंय?"

आयलीला आठवेना. ऊर्होच खाली बघत बोलला, "मनगट मोडलं होतं तेव्हा. दुखणं थांबायला कोडीनच्या गोळ्या दिलेल्या. ही कण्हतच होती, आणि मी म्हणालो, नाटकं पुरे."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आपल्या यकृतात एक द्रव्य असतं. कोडीनमधून वेदना मारणारं औषध तेच तयार करतं, आणि ही उदासीवरची गोळी मोडून अंगातून काढायलाही मुख्यतः तेच लागतं. काहींच्यात ते जन्मापासूनच काम करत नाही. तुमच्यात कालची गोळी निघायच्या आत आजची येऊन पडत असणार."

पुढच्या तपासणीत तेच निघालं. गोळी काही दिवस बंद ठेवून मग अगदी थोड्या मात्रेत सुरू झाली.

परतताना ऊर्हो पुटपुटला, "मनगटाचं... चुकलंच माझं."

"हं," ती म्हणाली. "पुढे बघून चालव."

झापड उतरली तशी आयली आईसाठी पोटभर रडली. उन्हाळा सरेपर्यंत उदासी निम्म्यावर आली. थकवा मात्र राहिला. संध्याकाळी कामावरून आली की ती पायरीवर बसायची आणि ऊर्हो आपणहून बटाटे सोलायला घ्यायचा.