परातीतले तहसीलदार

आमच्या नांदेडच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट गुपचूप केलेली नाही. त्यांना शिंक आली तर पलीकडच्या गल्लीतली रिक्षा थांबते, आणि त्यांनी जांभई दिली की निम्मी कॉलनी अंथरूण घालते. नोकरी झाली पाटबंधाऱ्यात. कालव्याला पाणी सोडायचं, बंद करायचं, एवढंच काम. पण सांगतात असं की गोदावरी त्यांना विचारल्याशिवाय वळण घेत नसे. मी पडलो लातूरचा. त्यामुळे रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "साडूभाऊ, गोदामायला पाणी बक्कळ हाय. तुमच्याकडं टँकर आला का?" एवढं विचारून खदाखदा हसायचं आणि फोन ठेवायचा. मगच देवपूजा.

दुसरा नेम म्हणजे वाटेत सापडेल ते घरी आणायचं. पंख मोडलेला कावळा झाला, तीन पायांचं कुत्रं झालं, एकदा तर वरातीतून चुकलेला बँडवाला आणला. त्यालाही आक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, पोटभर जेवू घातलं. गेल्या उन्हाळ्यात शेताकडच्या कालव्यातून कासवाचं पिल्लू आलं. पेढ्याएवढं. कालवा आटलेला, वर घारी फिरायलेल्या, म्हणून उचललं. आक्कांची कणीक मळायची पितळी परात जप्त झाली. तिच्यात पाणी, मधे दगड, दगडावर स्वारी. कितीही हाका मारा, डोकं बाहेर काढत नाही, आणि हात लावला की होतं तेही आत! म्हणून नाव पडलं 'तहसीलदार'.

आता घर असं शाकाहारी, की टीव्हीवर अंड्याची जाहिरात लागली तरी चॅनल बदलतात. तहसीलदारांपुढं दुधात कुस्करलेली भाकरी आली, वरणभात आला, शेंगदाण्याचं कूट आलं. ते ढुंकून बघेनात. साडूंनी निर्वाळा दिला, "देवापुढलं जनावर ते. एकादशी धरलीय त्यानं." दुसऱ्या दिवशी प्रदोष निघाला, मग गुरुवार, मग संकष्टी. उपासाची कीर्ती पसरली आणि कॉलनीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन हजर. देवळातल्या दगडी कासवाला करतात तसा परातीला नमस्कार, मगच घरात पाऊल. पाणी बदलता बदलता आक्का बेजार.

एका सकाळी फोन आला आणि त्यात गोदावरीचं नावच नाही. "साडूभाऊ, तहसीलदार हात लावला तरी हलंना गेलाय हो." आवाज असा, की मी तडक एसटी गाठली. परातीशेजारी साडू बसलेले, दाढी वाढलेली. आक्का म्हणाल्या, "ह्यांनी बी कालपासून ताट सारून ठिवलंय."

मी म्हणालो, "अहो, उपास कसला! नदीतलं जनावर आहे. त्याला मासा पाहिजे."

हे ऐकून देवघरातली समईसुद्धा दचकली असेल. "माझ्या घरात मासळी आली तर मी निघाले माहेरी," आक्का म्हणाल्या. साडूंनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा परातीकडं पाहिलं, आणि उठून हेल्मेट चढवलं.

हेल्मेटची काच खाली ओढून ते मासळीबाजारात शिरले, मागं मी. गुपचूप करायचं हे त्यांचं पहिलंच काम. पण आवाजाला हेल्मेट कुठून घालणार? "मावशी, लहान लेकरू हाय, काटा काढून द्या!" अख्खा बाजार वळला. कोपऱ्यातून कुणीतरी "नमस्कार साहेब!" केलासुद्धा.

"लेकरू केवढं हाय?" मावशीनं विचारलं. साडूंनी दोन बोटांत पेढ्याएवढी जागा करून दाखवली. मावशीच्या हातातली सुरी तशीच राहिली. "अन् दवाखान्यात न्यायचं सोडून मासा चारायलाव?"

फाटकाबाहेर, लिंबाखाली परात मांडली. साडूंनी चिमट्यात तांदळाएवढा तुकडा धरला. भोवती कॉलनी श्वास रोखून उभी. काही नाही. बराच वेळ काही नाही. साडूंनी चिमटा आणखी जवळ नेला. मग एक नाक बाहेर आलं. मग डोळे. मग मान लांब झाली आणि अशी झडप बसली की तुकडा गेला, चिमटा उडाला, आणि साडूंच्या बोटालाही प्रसाद मिळाला. "चावला! चावला रे माझा वाघ!" म्हणत ते गल्लीभर नाचले, विश्वचषक जिंकलेला कप्तानही इतका नाचला नसेल. आणि माहेरी निघालेल्या आक्का? त्यांनी घरोघरी साखर वाटली.

गोदावरी भरली तसे साडू म्हणाले, "रानचं जनावर. घरात ठिवायचा कायदा न्हाई. तेवढ्यापुरतं बोलावलं होतं, आता बदली." मग कचेरीत होतो तसा निरोप समारंभ झाला. शाल म्हणून हातरुमाल, श्रीफळ म्हणून खोबऱ्याचा तुकडा, पुढं हलगी, मागं कॉलनी, अशी मिरवणूक घाटावर गेली. हार घालणार तोच सत्कारमूर्तींनी डोकं आत घेतलं. साडू भाषणाला उभे राहिले. बारशालाही तासभर बोलणारा माणूस. "तहसीलदारसाहेबांनी..." म्हणाले आणि थांबले. "आयुष्यभर पाणी सोडलं. कधी जड गेलं न्हाई." एवढंच बोलून तहसीलदार बसलेला तळहात पाण्याला टेकवला. उन्हाळ्यात मरायला टेकलेला तो जीव, पाठीवर कुंकवाचा डाग घेऊन, असा सुसाट गेला की हलगीवाला वाजवायचं विसरला. मग वाजवलं त्यानं, तेव्हा पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं.

आक्कांनी कणकेला नवी परात घेतली. जुनी अजून लिंबाखाली असते, पाण्यानं भरलेली, मधे दगड. पाखरं येतात म्हणे.

सकाळचा फोन चालू आहे. "साडूभाऊ, गोदामायला पाणी बक्कळ हाय." टँकरचं विचारत नाहीत. हसतही नाहीत. लेकाच्या बदलीच्या गावची खुशाली सांगावी तसं हळू सांगतात. मीही आता चिडत नाही. "बरं झालं," म्हणतो, आणि मग थोडा वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.