स्वराच्या गाईचं दूध आणि माझा टॅक्स

आज सकाळी लॅपटॉपवर टॅक्स रिटर्न भरत होते. सगळं झालं होतं, फक्त सबमिट दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात स्वराचं बँकेतलं खातं आठवलं.

स्वरा आमची मुलगी, चौथीत आहे. गावी, कळसला, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तिला एक कालवड दिली होती. ती आता दूध देते, आणि डेअरीचे पैसे तात्यांनी हौसेनं नातीच्याच खात्यावर लावलेत.

नियम शोधून वाचला. लहान मुलांचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याची कमाई जास्त त्याच्यात धरायचं. आमच्यात ती माझी. मुलानं स्वतः कष्ट करून कमावलं असेल, तर मात्र वेगळं.

लगेच तात्यांना फोन लावला. "तात्या, दूध कोण काढतं?"

"मीच की. पर पोरगी सुट्टीत आली की पेंड तीच चारती. लिव तसं."

नवरा म्हणाला, "सोड गं, कोण बघतंय." पण नोटीस आली तर माझ्या नावावर येणार. ते पैसे माझ्या उत्पन्नात धरले आणि डोळे मिटून सबमिट केलं.

मागं स्वरा उभी होती. "मम्मी, आता गाय तुझी झाली का?"

गाय तुझीच आहे, टॅक्स फक्त मी भरणार, असं सांगितलं. तिनं मान हलवली, आणि माझ्याच फोनवरून तात्यांना विचारून खात्री करून घेतली.

तिला सांगायला तात्या आहेत. मी बरोबर भरलंय का, हे मला कोण सांगणार?