वाढणाऱ्यांच्या बाजूला

पांझरेच्या पुरात आमचे घर पडले, तेव्हा मी धुळ्यातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. ‘पूरग्रस्त’ हा शब्द मी अनेकदा छापून आणला होता. तो आपल्याला लागू पडेल, असे मनात आले नव्हते.

वरच्या गावांत पाणी चढल्याची दवंडी दुपारीच पिटली होती. घर सोडायला वेळ मिळाला, म्हणून माणसे वाचली. पण धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती आतपर्यंत भिजल्या आणि पाणी ओसरू लागल्यावर बसल्या. गल्लीतल्या सगळ्यांना एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये हलवले. आत सरकीचा कुबट वास होता. गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांना जागा दिली. विहिरीत औषध टाकले, सगळ्यांना पटकीची लस टोचली. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी खिचडीची सोय केली.

वडील कापसाच्या दलालाकडे गुमास्ते होते. पहिल्याच सकाळी ते व्यापाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, “वाढायला माणूस हवा असेल तर मी आहे.” वाढणाऱ्यांना दंडावर बांधायला पांढरी पट्टी मिळे. ती बांधून ते परत आले आणि माझ्याही हातात एक ठेवली. आई आणि थोरली बहीण पंगतीत बसल्या. आम्ही दोघे वाढणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिलो.

पंगत वाढताना वडील घरच्यांपाशी थांबत नसत. आपल्या माणसांना झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून आईच्या पत्रावळीवर अर्धेच ओगराळे पडे. मी मागून पाणी वाढत जाई. मीही आई-बहिणीकडे बघत नसे.

बहिणीचा साखरपुडा उन्हाळ्यात झाला होता. शिरपूरचे घर होते, कापसाच्या व्यापारातले. तिसऱ्या दिवशी तिचे होणारे सासरे शिरपूरच्या दुकानदारांनी दिलेली ज्वारी गाड्यांत घालून शेडवर आले. वडिलांच्या दंडावरची पट्टी पाहून त्यांना बरे वाटले.

“वा, व्याही! तुम्ही तर कामाला लागलात. घरचं कसं आहे?”

“घर शाबूत आहे,” वडील म्हणाले. “मंडळी एदलाबादला, मामांकडे पाठवली.”

“बरं केलं. पोरगी सुखरूप?”

“अगदी.”

मी घागर घेऊन शेजारीच होतो. मी मान डोलावली.

“चला, पंगत पाहू,” व्याही म्हणाले. नाही म्हणायला वडिलांकडे कारण नव्हते.

खिचडी त्या दिवशी फार पातळ होती. मधल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, “काय व माय, हाई खिचडी शे का नदीनं पानी?” तिच्या शेजारणीने उत्तर दिले, “नदी उतरनी व माय, आते हंडामा चढनी!” सगळी रांग हसली. व्याहीही हसले. तोवर वडील आईसमोर आले होते. आईने पदर तोंडावर ओढला होता, बहिणीनेही. वडिलांनी अर्धे ओगराळे टाकले आणि पाय पुढे टाकला.

“आबा, आईला आणखी वाढा,” बहीण म्हणाली. “कालही तुम्ही अर्धंच वाढलंत. ती उपाशी झोपली.”

तिचा पदर खाली आला होता. व्याह्यांनी तिला ओळखले. त्यांनी वडिलांच्या पट्टीकडे पाहिले, मग माझ्या पट्टीकडे.

“एदलाबादहून कधी आलात, बाई?”

“आम्ही कुठं गेलोच नाही,” ती म्हणाली. “घर पडलं त्या दिवसापासून इथंच आहोत.”

म्हातारीने पुन्हा काहीतरी टोमणा मारला, पण या वेळी कोणी हसले नाही. वडिलांचा हात हवेत थांबला होता. “वाढा ना,” व्याही शांतपणे म्हणाले, “त्या वाट पाहतायत.” वडिलांनी ओगराळे भरून वाढले. खिचडी पत्रावळीबाहेर सांडली.

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखे झाले. वडिलांच्या खोटेपणाची लाज वाटली असती तर ती सांगायला सोपी होती. मला लाज बहिणीची वाटत होती: चार माणसांत तिने भूक बोलून दाखवली, याची.

गाड्या रिकाम्या झाल्यावर व्याही निघाले. जाताना वडिलांना म्हणाले, “घर पडलं, त्यात तुमचा काय दोष? लग्नाच्या तारखेचं दिवाळीनंतर बोलू.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

दिवाळीनंतर शिरपूरहून कोणी आले नाही. मग कोणाच्या तरी तोंडी निरोप आला की, मुलाच्या मनात एवढ्यात लग्न नाही. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. वडील म्हणाले, “हिनं त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर.”

बहीण भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही. बहीण तोंड उघडून बोलली होती ती आईच्याच पोटासाठी.