थोरल्यापेक्षा उंच जोतं

आमच्या दाजींइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. तेही कुठं, तर निम्मा जन्म टँकरची वाट बघण्यात घालवणाऱ्या जिल्ह्यात! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी जोतं वितीनं मोजणार. अणदूरला पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलगा राहिला बाजूला, ह्यांनी विचारलं, "ओढा फुगला तर पाणी कुठवर येतंय?" स्थळ मोडलं. पत्र्यावर दगड ठेवलेले दिसले की रस्त्यात थांबून घरमालकाला झापायचे, "वारं सुटलं तर पत्राबी जाईल अन् दगुड तुझ्याच टकुऱ्यात पडंल. हूक मार, हूक!" लोक लई हसायचे.

नदीकाठच्या आपल्या गावात त्यांनी घर बांधलं, तेव्हा जोतं छातीएवढं घेतलं. बहीण वैतागून म्हणाली, "घर बांधताय का मचाण?" पण खरा भडका उडाला तो शेजारी. शेजारच्या मातीच्या घरात दाजींचे थोरले भाऊ, आण्णा राहायचे, आणि धाकट्याचा उंबरा थोरल्याच्या वर जाऊ नये, हा त्यांच्या भावकीतला रिवाज. दाजींनी हात जोडले, "आण्णा, तुमचंबी जोतं उचलू. माझ्याहून वर घेऊ."

"म्हंजी आता तू मला उंच करणार व्हय?" आण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. हेकट म्हातारा!

मग गेल्या पावसाळ्यात नदी गावात शिरली. टिंगल करणारे सगळे पोरंबाळं, शेळ्या घेऊन दाजींच्या ओट्यावर चढले. वर बसून चहात साखर कमी आहे म्हणायलाही लाजले नाहीत. दाजी मात्र खाली, कमरेएवढ्या पाण्यात आण्णांच्या दारात. "आण्णा, पाया पडतो, वर चला."

"धाकट्याच्या पायऱ्या म्या चढणार न्हाय."

दाजींनी ओढलं, आण्णांनी हात झटकला. दाजी मदतीला माणसं बोलवायला बाहेर आले. ओट्यावरची मंडळी 'तू जा, मी जातो' करत बसली, तेवढ्यात मातीची भिंत बसली. आण्णा आतच राहिले. आग लागो असल्या रिवाजाला!

आता लांबलांबची माणसं दाजींचं ते उंच घर बघायला येतात. दाजी कुणाला काही दाखवत नाहीत. परवा गेलो, तर आण्णांच्या उरलेल्या जोत्यावर एकटेच बसले होते.

"दाजी, वर चला, चहा झालाय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तुम्ही व्हा पुढं, पाव्हणं. आण्णा खाली असताना म्या वर कसा बसू?"